मोटारीचा ताप

मनुष्याच्या अंगात ताप भरला म्हणजे आपण वैद्याकडे जातो. चांगला वैद्य तत्काळ पुडी बांधून देत नाही. ताप केव्हा चढतो, थंडी वाजून येतो की कसे, दिवसा असतो की रात्री, अन्नपाणी जाते की नाही, असे चार प्रश्न तो आधी विचारतो. कारण ताप हा स्वतः रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण होय, हे तो जाणून असतो. मोटारीच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपण विसरतो. इंजिन तापले की कोणी सांगतो रेडिएटर बदला, कोणी सांगतो थर्मोस्टॅट काढून टाका, कोणी सांगतो पाणी ओता आणि चालू लागा. एकेक भाग बदलत जावे, पैसे खर्च होत जावेत, आणि पुढच्या घाटात काटा पुन्हा तांबड्या रेघेला टेकावा, हा अनुभव पुष्कळांच्या वाट्याला येतो. तापलेल्या इंजिनाला प्रश्न कसे विचारावेत आणि त्याची उत्तरे कशी ओळखावीत, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम ही उष्णता येते कोठून आणि जाते कोठे, ते पाहू. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिच्यापैकी, स्थूलमानाने बोलावयाचे तर, एक तृतीयांशाच्या आसपास चाके फिरविण्याच्या कामी येते. जवळजवळ तेवढीच सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जाते. उरलेली इंजिनाच्या अंगात शिरते. सिलिंडरमध्ये भडका उडतो त्या क्षणी आतील वायूंचे तपमान २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. आणि ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे इंजिनाचे हेड बहुतेक गाड्यांत असते, ते अ‍ॅल्युमिनियम शुद्ध स्वरूपात ६६० अंशांना वितळते. तरीही इंजिन शाबूत राहते, याचे श्रेय त्याच्या भोवती अखंड फिरणाऱ्या पाण्याला आणि काही अंशी तेलाला आहे.

ही अडचण मोटारीइतकीच जुनी आहे. कार्ल बेंझ याने १८८६ साली जर्मनीत जिचे पेटंट घेतले त्या तीनचाकी गाडीत पाणी उकळून वाफेवाटे उडून जात असे. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात त्याची पत्नी बर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन त्या गाडीतून मानहाइम येथून फोर्त्सहाइमपर्यंत, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर गेली, तेव्हा वाटेत तिला पुनःपुन्हा पाणी भरावे लागले. पुढे विल्हेल्म माइबाख याने १९०१ च्या मर्सिडीज गाडीला मधाच्या पोळ्यासारखा, हजारो बारीक नळ्यांचा रेडिएटर बसविला. तेव्हापासून थोडके पाणी निववून पुन्हा पुन्हा वापरण्याची सोय झाली. आजच्या गाडीतही तत्त्व तेच आहे.

त्या तत्त्वाप्रमाणे उष्णतेचा प्रवास ठरलेल्या मुक्कामांनी होतो. सिलिंडरच्या भिंतीतून ती पाण्यात येते. पंप त्या पाण्याला गती देतो. वाटेत थर्मोस्टॅट नावाचा पहारेकरी उभा असतो. त्याच्या पोटात मेण असते. पाणी ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तापले म्हणजे ते मेण प्रसरण पावते आणि रेडिएटरकडे जाणारे दार उघडते. रेडिएटरच्या नळ्यांतून पाणी खाली उतरत असता त्याची उष्णता पातळ पत्र्यांच्या जाळीला मिळते, आणि जाळीतून जाणारा वारा ती घेऊन जातो. गाडी वेगात असली तर वारा आपोआप मिळतो. उभी असली किंवा हळू चालत असली तर पंख्याला तो ओढावा लागतो. या प्रवासात कोठे तरी खोळंबा झाला म्हणजे इंजिन तापते. तात्पर्य, निदान करावयाचे म्हणजे उष्णता कोणत्या मुक्कामावर अडली आहे, ते शोधून काढावयाचे.

आणखी एका लहानशा वस्तूचा उल्लेख करावयास हवा. ती म्हणजे रेडिएटरचे किंवा पाण्याच्या टाकीचे झाकण. ते नुसते बूच नव्हे. त्यातील स्प्रिंग आतील पाण्यावर दाब राखते. हा दाब पुष्कळ गाड्यांत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. प्रेशर कुकरमध्ये जे घडते तेच येथे घडते. एरवी १०० अंशांना उकळणारे पाणी या दाबाखाली १२० अंशांच्या सुमारास उकळते. स्प्रिंग ढिली पडली किंवा रबर झिजले की हा आधार जातो. शिवाय समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर चढाला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. म्हणून पणजीत खपून गेलेले निकामी झाकण चोर्ला घाट चढून गेल्यावर आपले खरे स्वरूप दाखविते. शेकडो रुपयांची ही वस्तू न तपासता हजारो रुपयांचा रेडिएटर बदलल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

आता प्रश्नांकडे वळू. अगदी पहिला प्रश्न असा, की इंजिन खरोखर तापले आहे काय? किल्ली फिरवताच, थंड इंजिनावरच काटा तांबड्या रेघेला भिडला, तर दोष इंजिनात नसून तारेत किंवा काट्यात आहे, असे समजावे. याच्या उलट प्रकार अधिक घातक आहे. तपमान मोजणारा भाग पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरे बोलतो. पाणी सगळे गळून गेले की तो कोरडा पडतो, आणि इंजिन भाजून निघत असताही काटा खाली उतरलेला दिसू शकतो. म्हणून काट्याबरोबर वासाकडे, वाफेकडे आणि इंजिनाची ओढ कमी झाली आहे की काय, याकडेही लक्ष असावे. कूलंटचा वास गोडसर असतो. तो एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. हल्लीच्या अनेक गाड्यांत काटा नसतो, केवळ तांबडा दिवा असतो. तो लागला म्हणजे इशाऱ्याची वेळ टळून गेली, असेच धरून चालावे.

दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा, तो म्हणजे इंजिन केव्हा तापते? याच्या उत्तरात अर्धे निदान असते.

शहरातील गर्दीत, सिग्नलजवळ उभे असताना ते तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच काटा खाली येत असेल, तर पाण्याचा प्रवास बहुधा ठीक आहे. वारा कमी पडतो आहे. संशय पंख्यावर घ्यावा. २०१४ मध्ये जिचे उत्पादन थांबले त्या अ‍ॅम्बॅसडरसारख्या जुन्या गाड्यांत पंखा पट्ट्यावर फिरतो. तेथे पट्टा सैल झाला आहे काय, ते पाहावे. नव्या गाड्यांत पंखा विजेचा असतो. तेथे फ्यूज, रिले, पंख्याची मोटर आणि तिला हुकूम देणारा स्विच, या क्रमाने तपासावे. एअर कंडिशनर चालू करताच पुष्कळशा गाड्यांत हा पंखा फिरू लागतो. न फिरल्यास शोध येथूनच सुरू करावा.

याच्या उलट, गावात गाडी शांत राहते, परंतु हमरस्त्यावर तासाला ऐंशी-नव्वद किलोमीटरचा वेग धरला किंवा चढ लागला की तापते, असे असेल तर वारा पुरेसा आहे, पण पाण्याचा ओघ अपुरा आहे, असा तर्क करावा. रेडिएटरच्या नळ्या आतून क्षारांनी आणि गंजाने बुजल्या असतील; पंपाची पाती झिजली असतील; थर्मोस्टॅट अर्धाच उघडत असेल; किंवा खालची रबरी नळी मऊ पडून पंपाच्या ओढीने आत चेपत असेल. ही शेवटची गोष्ट उभ्या गाडीत सहसा दिसत नाही. बॉनेट उघडून इंजिनाचा वेग वाढविला म्हणजे मात्र ती नळी चपटी होताना डोळ्यांनी दिसते.

तिसरी शक्यता अशी, की थंड गाडी चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा चढतो. अशा वेळी पाणीच नाही, किंवा थर्मोस्टॅट मिटलेल्या अवस्थेत अडकला आहे, किंवा हेडच्या गॅसकेटमधून सिलिंडरमधील वायू पाण्यात घुसतो आहे, या तीन गोष्टी प्रथम मनात आणाव्यात. बऱ्याच गाड्यांत इंजिनापासून रेडिएटरच्या माथ्याकडे जाणारी वरची नळी सहज हाताला लागते. इंजिन तापले असूनही ती गार असेल, तर पहारेकऱ्याने दार उघडलेले नाही, हे उघड होते. थर्मोस्टॅटची परीक्षा तर स्वयंपाकघरातही करता येते. तो काढून दोऱ्याने पातेल्यातील पाण्यात टांगावा, शेजारी तापमापक धरावा, आणि पाणी तापवावे. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला तर निर्दोष. पाणी उकळू लागले तरी मिटलेलाच राहिला तर त्याला निरोप द्यावा.

तिसरा प्रश्न पाण्याचा. पाणी कमी होते काय, आणि होत असेल तर जाते कोठे? पाणी मुळीच कमी होत नसेल, तर गळतीचा विचार सोडून वारा आणि ओघ यांकडे वळावे. कमी होत असेल, तर दोनच वाटा आहेत: बाहेरची आणि आतली. बाहेरची गळती आपली खूण मागे ठेवते. नळ्यांच्या क्लिपांपाशी हिरवट किंवा गुलाबी डाग, पंपाखालच्या बारीक छिद्रापाशी ओल, वाळलेल्या क्षारांची पांढरी पुटे, रात्री गाडी उभी होती तेथे जमिनीवर ठिपके. हीटरची जाळी फुटली असेल तर पुढच्या सीटखालचा गालिचा ओला. गाडीखाली रात्रभर जुने वर्तमानपत्र पसरून ठेवले, तर सकाळी ते पुष्कळ काही सांगते.

आतली गळती बोलत नाही. तिला बोलते करावे लागते. इंजिन चांगले तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा दाट पांढरा धूर येत राहणे, थंड गाडी चालू करताच मिनिटभरात वरची नळी दाबाने कडक होणे, टाकीतील पाण्यात सतत बुडबुडे येणे, तेलाच्या डिपस्टिकवर दुधी रंगाचे मिश्रण दिसणे, या त्या खुणा होत. यांपैकी एखादीवरून घाईने निष्कर्ष काढू नये. हिवाळ्यात थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या झाल्या तर तेलाच्या झाकणाखाली थोडी साय दमटपणानेही जमते. चांगल्या गॅरेजात यासाठी एक साधी रासायनिक परीक्षा असते. टाकीच्या तोंडावरील वायू एका निळ्या द्रवातून ओढतात. त्यात जळणाचा कार्बन डायॉक्साइड असेल तर तो द्रव पिवळा पडतो. हेड उतरविण्याचे खर्चाचे काम हाती घेण्यापूर्वी ही परीक्षा करून घेण्याचा आग्रह मालकाने अवश्य धरावा.

हे प्रश्न एकत्र कसे लावावयाचे, ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एक गाडी पणजीहून साखळी, केरी या मार्गाने चोर्ला घाट चढून बेळगावास जाते, अशी कल्पना करा. गावात ती कधी तापत नाही. घाटात, दुपारच्या वेळी, एअर कंडिशनर चालू असता तापते. तोच घाट रात्री, एअर कंडिशनर बंद ठेवून, विनासायास चढते. पाणी कमी होत नाही. पंखा फिरतो. वरची नळी चांगली गरम लागते, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला आहे. आता इंजिन बंद करून आणि पंख्याची तार सोडवून, गाडी हात लावण्याजोगी निवल्यावर रेडिएटर चाचपून पाहिला. आतून नळ्या बुजल्या असत्या तर जाळीवर मध्येच गार पट्टे लागले असते. पण ती सर्वत्र सारखीच ऊन आहे. म्हणजे उष्णता शेवटच्या मुक्कामापर्यंत सुखरूप पोहोचते. तेथून वाऱ्याच्या स्वाधीन होत नाही. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते. परंतु समोर दिसते ती रेडिएटरची जाळी नव्हेच, ती एअर कंडिशनरच्या कंडेन्सरची आहे. ती किंचित पुढे ओढल्यावर मधल्या फटीत तांबडी धूळ, वाळलेला पाला आणि किडे यांची गादी जमलेली आढळते. हलक्या धारेने ती धुऊन काढली की रोग गेला. नवा भाग एकही लागला नाही. याच गाडीचा पंप, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर एकामागून एक बदलता आला असता, आणि ती घाटात तापतच राहिली असती.

सर्व प्रश्न विचारूनही उत्तर मिळेना, तर दोष पाण्याच्या व्यवस्थेबाहेर आहे काय, ते पाहावे. ब्रेक चाकाला चिकटून राहिला, क्लच घसरू लागला, ठिणगीचे टायमिंग मागे पडले, सायलेन्सर आतून तुंबला किंवा तेलाची पातळी खाली गेली, तर इंजिनावर भार पडून उष्णता अधिक निर्माण होते. तेथे रेडिएटरचा काहीच अपराध नसतो.

दोन समजुतींविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. पहिली अशी, की आपला देश उष्ण आहे, येथे थर्मोस्टॅटची गरज नाही, तो काढून टाकलेला बरा. अनेक मेस्त्री हे सद्भावनेने सांगतात. परंतु थर्मोस्टॅट नसला तर इंजिन योग्य तपमानाला लवकर पोहोचत नाही, पेट्रोल अधिक जळते आणि झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत पाण्याची एक आडवाट असते, आणि थर्मोस्टॅट उघडताना ती बंद करतो. तोच काढून टाकला तर तापलेले पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात शिरते, आणि उपाय म्हणून केलेल्या कृतीनेच ताप वाढतो.

दुसरी समजूत अशी, की कूलंट हे बर्फाळ मुलखासाठी. आपल्याला विहिरीचे पाणी पुरे. हिमालयाकडील थंड मुलखाचा अपवाद सोडला तर आपल्याकडे पाणी गोठण्याची धास्ती नाही, हे खरे. पण कूलंट केवळ गोठणे टाळत नाही. ते उत्कलनबिंदू वाढविते आणि धातूला गंजापासून राखते. विहिरीच्या आणि कूपनलिकेच्या पाण्यात बहुधा क्षार असतात. पाणी तापविण्याच्या भांड्याला आतून जे पांढरे कीट चढते तेच इंजिनाच्या पोटात चढते, आणि त्या कीटातून उष्णता सुखासुखी पार होत नाही. म्हणून कंपनीने सांगितलेले कूलंट शुद्ध, क्षारविरहित पाण्यात मिसळून भरावे. वाटेत अडचणीत साधे पाणी घालावे लागले तर घालावे, परंतु घरी आल्यावर ते काढून टाकावयास विसरू नये.

आता प्रत्यक्ष प्रसंगाविषयी. काटा चढू लागलेला दिसताच एअर कंडिशनर बंद करावा आणि हीटर पूर्ण उघडावा. आत बसणाऱ्यांना घाम फुटेल, पण इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने निघून जाईल. काटा तांबड्या रेघेवर गेला किंवा वाफ दिसली, तर पुढचे गाव दोनच किलोमीटरवर आहे, असा हिशेब करू नये. सुरक्षित जागा पाहून गाडी उभी करावी आणि इंजिन बंद करावे. त्या दोन किलोमीटरांत हेड वाकते, गॅसकेट जळते, आणि किरकोळ दुरुस्तीचे रूपांतर मोठ्या खर्चात होते.

आणि सर्वांत महत्त्वाचे हे, की तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील पाणी दाबामुळे १०० अंशांच्या वर असूनही उकळलेले नसते. झाकण उघडताच दाब जातो, त्या पाण्याची एकदम वाफ होते आणि वाफेसह उकळते पाणी चेहऱ्यावर, हातांवर उसळते. इंजिन पुन्हा बांधता येते. भाजलेला डोळा पूर्ववत करता येत नाही. निदान अर्धा तास थांबावे. नळी हाताने दाबून ती मऊ झाल्याची खात्री करावी. मग जाड कापड टाकून झाकण अगदी सावकाश, पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे. कोरड्या, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणे टाळावे. त्याने धातूला तडा जाण्याचा संभव असतो. मुले गाडीत असतील तर त्यांना बॉनेटपासून दूर, रस्त्याच्या कडेला सावलीत बसवावे. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अकस्मात फिरू लागतो, हेही ध्यानात असू द्यावे.

श्रोतेहो, रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतून गाडी बाहेर काढणारे गृहस्थ आपण पाहिलेले असतात. ते गाडीची काळजी घेतात, यात संशय नाही. परंतु तो तांब्या रोग बरा करीत नाही, केवळ झाकून ठेवितो. मोटारीची मिटलेली टाकी पाणी पीत नसते. ती पीत असेल, तर ते पाणी कोठे तरी जात आहे.

गाडीत एक लहानशी वही ठेवावी. गाडी तापली त्या दिवशी तीत तीन ओळी लिहाव्यात: केव्हा तापली, कोणत्या रस्त्यावर आणि किती वेगात तापली, आणि त्यानंतर किती पाणी घालावे लागले. अशा दोन-तीन नोंदी झाल्या, की ती वही मेस्त्रीच्या हाती द्यावी. प्रामाणिक मेस्त्रीचा अर्धा वेळ वाचेल. आणि जो अंदाजानेच भाग बदलू पाहतो, त्यालाही असे का, हे सांगणे भाग पडेल.